बोरिंगचं पाणी

बालाघाटजवळच्या वारासिवनीच्या बस स्टँडासमोर गजेंद्रनं डोमाजी मिस्त्रीच्या कानाखाली आवाज काढला, त्याला त्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं डोमाजीची मुलगी रीना एकच गोष्ट मनात घोकत होती. ज्या चौकात त्यानं 'इसने पानी डाला है' म्हणून गाव गोळा केलं, त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्या आवाजात त्यानं म्हणावं, की डोमाजीनं पाणी टाकलं नव्हतं. बाकी तिला त्याच्याकडून काही नको होतं. पण तो म्हणेल कसा? मोठ्या घरच्या माणसाला चूक कबूल करण्यापेक्षा दाढ उपटून घेणं सोपं वाटतं.

आणि भांडण तरी कशावरून, तर मोटरसायकलच्या कूलंटवरून! ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ द्या. वारासिवनीलाही तेव्हा आलं होतं.

गजेंद्र म्हणजे खैरलांजी रस्त्यावरच्या राइस मिलवाल्याचा थोरला मुलगा. त्याची गाडी दोनशे सीसीची, रेडिएटरवाली. तशा गाड्या अख्ख्या तालुक्यात दहा-बारा असतील. बाकी सगळ्या हवेवर थंड होणाऱ्या, त्यांना कूलंट लागतच नाही, त्यामुळे गावातले निम्मे मिस्त्री रेडिएटरचं नाव काढलं की ट्रॅक्टरवाल्याकडे बोट दाखवतात. डोमाजी तरुणपणी सात वर्षं नागपूरला काम करून आलेला. त्याला हे काम येत होतं आणि येतं याचा अभिमानही होता. इंजिनाभोवती फिरून त्याची आग रेडिएटरात आणून सोडायची, हे कूलंटचं काम. ते लवकर उकळत नाही आणि आतल्या धातूला खात नाही. त्याच्या जागी कोणी साधं पाणी भरलं की इंजिनाचे दिवस भरले. त्यातून इथलं बोरिंगचं पाणी असं, की चहाच्या पातेल्याला वर्षभरात पांढरा थर धरतो. रेडिएटरच्या नळ्या तर सुतळीएवढ्याही नसतात.

डोमाजीनं त्या गाडीत कूलंट भरलं आणि चार महिन्यांनी गाडी तापून बंद पडली. चौकात ढकलत आणली. डोमाजीनं खालचा नट काढला, तर आतून गढूळ पाणी आणि पांढरे पापुद्रे. त्यानं सरळ सांगितलं, "गजेंद्रभाऊ, याच्यात कोनंतरी बोरिंगचं पाणी भरलं." आता गाडी गजेंद्रची, घर गजेंद्रचं, म्हणजे पाणी भरणारा गाढवही त्याच्याच घरचा. चारचौघांत एवढं ऐकून घेणाऱ्यातला तो नव्हता. "डब्बा कूलंट का दिखाता, और भरता पानी! चोर!" असं म्हणून त्यानं साठीला टेकलेल्या माणसावर हात उचलला. जात काढली नाही त्यानं, काढायची गरजच नव्हती. बौद्ध मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला मिलवाल्याचा मुलगा भर चौकात मारतो आणि एक माणूस मध्ये पडत नाही, यातच काय ते आलं.

समोरच्या पानठेल्यावरचा तेजराम तर त्याच दिवशी 'पाणीवाला मिस्त्री' म्हणायला लागला. नाव चिकटलं ते चिकटलंच. लोक ऑइल बदलायला यायचे आणि डब्यावर डोळा ठेवून बसायचे. कोणी हसत म्हणे, "ऑइलच हाये न बा, का पाणी?" डोमाजीनं दीड महिना ऐकून घेतलं. मग एक दिवस सगळे पाने पुसून पेटीत ठेवले, पेटी बंद केली आणि परत इंजिनाला हात लावला नाही. दुकानात यायचा, मागच्या भिंतीला टेकून बसायचा, कोणी आणलं तर पंक्चर काढायचा. घरी जेवताना पूर्वी कोणत्या गाडीत काय निघालं ते रंगवून सांगायचा, ते बंद झालं.

पेटी रीनानं उघडली. आयटीआय झालेली, बालाघाटला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये राहून आलेली पोरगी. पहिले काही महिने लोक तमाशा पाहायला आले, मग काम पाहून यायला लागले. तिनं दुकानात एक पद्धत पाडली. ऑइल असो की कूलंट, डबा गिऱ्हाइकाच्या समोर आणायचा आणि सील गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं तोडायचं. गाडीचा मालक नसेल तर थांबायचं, पण सील आपण तोडायचं नाही. पोस्टमन आला काय नि तहसीलदाराचा ड्रायव्हर आला काय, पद्धत एकच. लोकांना ती आवडली. शिस्तीची पोरगी आहे, म्हणाले. प्रत्येक वेळी सील तुटल्याचा आवाज झाला की तिला ती थप्पड ऐकू येते, हे कोणाला माहीत नव्हतं.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. सकाळी नऊलाच डांबर चपलेला चिकटत होतं. तीच दोनशे सीसीची गाडी दुकानासमोर येऊन थांबली आणि गजेंद्र खाली उतरला. दोन वर्षांत तो या बाजूनं कधी आला नव्हता, गाडी गोंदियाला नेत होता म्हणे. हेल्मेट काढून हातात फिरवत उभा राहिला.

"बाबा नाही का?"

"काय काम होतं?" रीनानं मान वर केली नाही.

"गाडी गरम होऊन राह्यली. कूलंट बदलवाचं हाये. डोमाजीभाऊच्या हातानं बदलवाचं होतं मले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातांना यानं चोर ठरवलं, तेच हात हवेत याला! थट्टा करायलाच आला आहे, दुसरं काय?

"बाबा इंजिनाले हात लावत नाही. दोन वर्सं झाले. काहून नाही लावत ते तुमाले मालूम असन."

"हौ," तो म्हणाला. जमिनीकडे पाहत होता. "मालूम हाये. त्याच्याचसाठी मी..."

"गाडी लावा तिकडं सावलीत. इंजिन थंडं झाल्याबिगर झाकण खोलता येत नाही. दीड घंट्यानं या."

"बारा वाजेलोक बैहरले पोचाचं हाये. साडूकडं कार्यक्रम हाये."

बैहर. म्हणजे बालाघाटवरून पुढं घाट. रीनाच्या हातातला पाना थांबला. त्या क्षणापर्यंत तिच्या मनात तसं काहीच नव्हतं, आणि त्या क्षणानंतर दुसरं काहीच राहिलं नाही.

तरी तिनं पद्धत मोडली नाही. फळीवरून डबा काढला, त्याच्या समोर धरला. "सील तोडा."

"राहू दे न. मले सील तोडाची काय गरज? तुमच्या दुकानावर भरोसा हाये मले."

भरोसा! दोन वर्षांपूर्वी हा शब्द कुठं ठेवला होता यानं? अख्ख्या गावाला ज्याच्यामुळे सील तोडून दाखवावं लागतं, तोच एकटा म्हणतो, मला गरज नाही. रीनानं डबा खाली ठेवला आणि मान हलवली. तो रस्ता ओलांडून गेला.

इंजिन थंड होईपर्यंत ती फळीसमोर उभी होती. फळीवर हिरव्या कूलंटचे डबे होते, गुलाबी होते, आणि एक जाड कूलंटचा होता, ज्यात डिस्टिल्ड पाणी मिसळावं लागतं. लहानपणी तिनं बापाला विचारलं होतं की यातलं चांगलं कोणतं. तो म्हणाला होता, "रंगावर जाऊ नोको. रंग तं शरबतालेबी असते. गाडीचं पुस्तक पाह्य, डब्याच्या मांगचं वाच, दोनी जुळलं तं टाक. दोन रंग एका टाकीत कधी मिसळू नोको, आतमंदी गाळ धरते." आताही सवयीनं तिनं योग्य तोच डबा काढला होता. मागचं वाचलंही होतं. हिरवं, तयार मिसळलेलं, या गाडीला चालणारं. वैऱ्याच्या गाडीलासुद्धा तिचा हात चुकीचा डबा काढत नव्हता, याचा तिला त्या वेळी राग आला.

मग तिनं काम सुरू केलं. झाकण उघडलं, खालचा नट सैल केला, जुनं कूलंट घमेल्यात काढलं. डिस्टिल्ड पाण्यानं आतून दोनदा धुतलं. नटाखालचं वॉशर नवं टाकलं. एवढ्यापर्यंत सगळं जसं करायचं तसंच झालं, आणि नंतर ती बादली घेऊन चौकातल्या बोरिंगवर गेली.

बोरिंग हापसताना तिच्या मनात आलं, इंजिन तापून जाम झालं आणि घाटात चाक अडकलं तर? माणूस पडेल, वरून ट्रक येत असेल तर मरेल. बादली भरेपर्यंत हा विचार तिच्याजवळ थांबला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बापाला मारलं तेव्हा बाप खाली पडला होता, त्याची टोपी नालीच्या काठाला गेली होती, आणि ती उचलून द्यायला चौकातलं कोणी वाकलं नव्हतं. तिनं बादली उचलली.

डब्याचं सील तिनं स्वतःच तोडलं आणि कपभर कूलंट बादलीत घातलं, रंगापुरतं. फिकट हिरवं झालं. झाकणातून पाहणाऱ्याला कळणार नाही असं. ते रेडिएटरात भरलं, बाजूच्या छोट्या टाकीत खुणेपर्यंत भरलं. आता खरं म्हणजे झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं असतं, नळी दाबून दाबून आत अडकलेली हवा काढायची असते, बुडबुडे थांबले की पुन्हा भरायचं असतं. हे ती शिकाऊ पोरांना शोरूममध्ये ओरडून ओरडून सांगत असे. हवा राहिली तर पाणी फिरत नाही, आणि चढावर पहिल्यांदा तेच नडतं. रीनानं झाकण लावलं आणि घट्ट केलं. हवा आतच राहिली.

डोमाजी दहाच्या पुढं आला. गाडी पाहिली आणि जागीच थबकला.

"याची गाडी आपल्याइथं काहून?"

"कूलंट बदलवलं."

"सील तोडली त्यानं?"

"हौ," रीना म्हणाली.

बापाशी ती खोटं बोलली, तेही त्याच एका गोष्टीवर ज्यावर त्याचं आयुष्य अडलं होतं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. सूड घ्यायचा तर एवढं करावंच लागतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

गजेंद्र परत आला तेव्हा डोमाजी मागच्या भिंतीजवळ उभा होता. "डोमाजीभाऊ," त्यानं हाक मारली. डोमाजीनं पाठ फिरवली आणि आत जाऊन बसला. गजेंद्र घटकाभर दारात घुटमळला, घड्याळ पाहिलं, किक मारल्यासारखा स्टार्टर दाबला आणि निघून गेला.

त्यानंतरचे चार-पाच तास रीनानं सणासारखे घालवले. हातातली कामं चालू होती, पण मन त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून गेलं होतं. आता बालाघाट आलं. आता रेल्वे फाटक. आता झाडी लागली, चढ लागला. मीटरवरचा लाल दिवा पेटला असेल. तो कशाला थांबतो, दिवा पाहून थांबणाऱ्यातला असता तर दोन वर्षांपूर्वीच थांबला असता. आता उकळलं असेल. आता इंजिन आतून जाम झालं असेल. आणि तो बोंबलत परत येईल, येऊ दे. चौक भरू दे. त्यानं 'पानी डाला' म्हटलं की ती शांतपणे म्हणणार होती, 'सील तोडा म्हटलं तं तुमीच नाही म्हणालात. मंग घरी जाऊन इचारा, पाणी कोनं भरलं ते.' लोक या वेळी तिच्या बाजूनं हसणार होते. वाक्य तिनं इतक्या वेळा मनात म्हणून पाहिलं की तोंडात त्याची चव आली.

तीन वाजता एक छोटा हत्ती टेम्पो चौकात शिरला. मागं दोरानं बांधलेली ती गाडी आडवी. पुढून गजेंद्र उतरला. कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. जिवंत आहे, हे पाहून रीनाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून तिनं स्वतःला शिवी दिली.

बसची वाट पाहणारे, भाजीवाले, टेम्पोवाले, सगळे जमले. तेजराम ठेल्यावरून ओरडला, "क्या हुआ भाऊ, फिरसे पाणीवाल्याकडं गेलते का?" हशा झाला. डोमाजी भिंतीजवळ आणखी आक्रसला. रीना पुढं झाली, तिचं वाक्य ओठांवर आलं होतं.

"चूप बे तेजराम!" गजेंद्र एवढ्या जोरात ओरडला की हशा तिथंच विरला. "पाणीवाला म्हणाचं नाही. आज सगळे ऐका. दोन वर्साआंधी म्या इथंच डोमाजीभाऊवर हात उचलला. बोललो का यायनं पाणी टाकलं. नव्हतं टाकलं. पाणी आमच्या मिलवरच्या माणसानं भरलं होतं, आन त्याले म्याच सांगतलं होतं का टाकी खाली दिसली का बोरिंगचं भरत जाय. मले कुठं अक्कल होती? मागच्या महिन्यात त्यानं सहज बोलता बोलता सांगतलं. डोमाजीभाऊ खरं बोलले, त्याच्यासाठी म्या त्यायले मारलं. सकाळी हेच सांगाले आलतो. तोंडच नाही उघडलं माह्यं."

 रीनानं दोन वर्षं जे मागितलं होतं ते शब्दाला शब्द तिच्या समोर पडलं होतं, त्याच चौकात आणि तेवढ्याच मोठ्यानं. सकाळी तिनं त्याला वाक्य पूर्ण करू दिलं असतं तर ते सकाळीच मिळालं असतं. 

तिनं बापाकडे पाहिलं. डोमाजी भिंतीपासून सुटा झाला होता. ताठ उभा होता. त्याला इतकं ताठ तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. कोणी तरी म्हणालं, "आमी तं तवाच म्हणत होतो." खोटारडे! पण म्हणत होते.

"आता तुमीच पाहा, डोमाजीभाऊ," गजेंद्र म्हणाला. "घाटात गाडीनं दम तोडला, मांगचं चाक जाम झालं. मी दुसऱ्या कोनाले दाखवत नाही. तुमी जे सांगान ते खरं."

"बाबा, राहू द्या," रीना घाईनं म्हणाली. "पंप गेला असन. मी पाहीन."

पण डोमाजी पेटीजवळ गेला होता. दोन वर्षांनी त्यानं पेटीतून पाना काढला, हातात तोलला. गाडी खाली उतरवली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला, खाली स्टीलचा टोप ठेवला आणि नट काढला. जे काही आत उरलं होतं ते टोपात आलं. त्यानं दोन बोटं बुडवून अंगठ्यावर घासली. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, पुसलं तरी चिकटपणा राहतो. हे बोटांवरून कोरडं निघून गेलं. त्यानं पुन्हा घासलं. वास घेतला.

"पाणी हाये," तो म्हणाला. "बोरिंगचं."

यंत्राबद्दल विचारलं की डोमाजीच्या तोंडून खरंच निघायचं. जन्मभराची सवय, थप्पड खाऊनही गेली नव्हती. म्हणून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि रीनाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलं.

"पाणी?" गजेंद्र गोंधळला. "अरे, आज तं मिलवर गेलोच नाही मी. इथून निघालो ते सीधा घाटात. झाकणाले कोनाचा हातबी नाही लागला." बोलता बोलता त्याचा आवाज मंद झाला आणि नजर रीनाकडे वळली. "कोनं भरलं हे?"

 रीनाचं वाक्य होतं ना तयार? घरी जाऊन विचारा, पाणी कोणी भरलं ते. आता ते कसं म्हणणार? तो तर विचारून आला होता, आणि चौकात सांगूनही मोकळा झाला होता.

"म्या," डोमाजी म्हणाला.

तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा!"

"तू चूप राह्य." त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. टोपातलं पाणी पाहत होता. "पोरीनं डबा काढून ठेवला, धुऊन-बिऊन सगळं केलं. ती तिकडं दुसऱ्या गाडीवर होती. म्या बोरिंगचं पाणी आणलं आन भरलं. मारलं होतं न तुमी. मनातून गेलं नाही माह्या."

गजेंद्र त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता, मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "हौ," तो स्वतःशीच म्हणाला. "मीच तं म्हणलो होतो, डोमाजीभाऊच्या हातानंच पाह्यजे म्हणून." मग त्याचे जबडे आवळले. लोकांना वाटलं, उचलतो आता हात. त्यानं उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तवाबी तूच," तो म्हणाला.

"तवा नाही," डोमाजी म्हणाला. एवढी एकच गोष्ट त्यानं मागितली. "आजचं माह्यं हाये. तवाचं नाही."

तेजराम हसला. मग टेम्पोवाले हसले. 'आजचं माह्यं, तवाचं नाही,' कोणी नक्कल केली, आणि मघाशी 'आमी तवाच म्हणत होतो' म्हणणारा आता म्हणाला, "आमाले तं तवाच शक होता." डोमाजी उठला, पाना पुसून पेटीत ठेवला आणि भिंतीजवळ जाऊन बसला.

तेव्हा कुठं रीनाला कंठ फुटला. "मी भरलं!" ती ओरडली. "बाबा इथं नव्हतेच. दहाच्या नंतर आले. मी आणलं बोरिंगचं पाणी. मी भरलं, हवाबी मीच ठेवली आतमंदी. माह्या हातानं. बाबा खोटं बोलून राह्यले!"

लोक तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, दया होती. सील तोडल्याशिवाय डबा न उघडणारी पोरगी ही, हिच्या हातून असं होणार? एका म्हाताऱ्या भाजीवालीनं तिचा दंड धरला. "बाप हाये बाई. समजते आमाले."

"मावशी, मी भरलं! खरं सांगतो! गजेंद्रभाऊ, बाबाले नोका बोलू, मले बोला. मी भरलं!"

ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जितकी जास्त ओरडली तितकी बायकांनी पदरांनी डोळे टिपले. ज्या चौकानं तिच्या बापाचं खरं कधी मानलं नाही, त्या चौकानं त्याचं एकच खोटं असं झेललं की तिला ते कुठूनही सोडवता येईना. गजेंद्र तिच्याजवळ आला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात झटकायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"रडू नोको," तो म्हणाला. "इंजिन तूच खोल. बापाचा हात तेवढा लागू देऊ नोको त्याले." मग भिंतीकडे वळून त्यानं आवाज चढवला. "असी पोरगी सगळ्याले भेटत नाही, डोमा. तुह्यी लायकी नव्हती."

बैहरची बस लागली होती. गुणाची पोरगी आहे, असं म्हणत लोक पांगले.